फुगडीतली माझी जागा

(या आठवड्याचं पत्र डोंबिवलीहून आलं आहे. सहा पानांचं आहे, म्हणून ताईंच्या परवानगीने त्यातला गाभा इथे देते.)

"मी ५७ वर्षांची आहे. गेल्या कार्तिकात माझे यजमान हृदयविकाराच्या झटक्याने गेले. आमचा मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या चौदाजणींचा ग्रुप आहे. बारा वर्षं झाली. श्रावणात सुपाऱ्या असतात, कधीकधी एका मंगळवारी दोन-दोन. फुगडीत माझी आणि माझ्या मैत्रिणीची जोडी ठरलेली. सोसायटीतली मुलं मला 'फुगडीवाल्या काकू' म्हणतात. हे आम्हाला गाडीने सोडायचे, सुपं आणि लाटणी डिकीत भरायचे आणि खेळ संपेपर्यंत गाडीत पेपर वाचत बसायचे. ती पिशवी अजून डिकीतच आहे. गाडी कोणी काढत नाही.

आता आषाढात प्रॅक्टिस सुरू होईल. ग्रुपच्या मोठ्या ताई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, 'तू यायचंसच, पण या वर्षी गाणी म्हण, मागे उभी राहा. सवाष्णींचा कार्यक्रम, कोणाच्या घरी काय म्हणतील सांगता येत नाही.' त्या वाईट नाहीत. जाऊबाई म्हणतात, निदान वर्षश्राद्ध तरी होऊ दे. मुलगी परदेशात असते, ती म्हणते झुंबा लाव.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. परवा रात्री भांडी आवरून ओट्यापाशी उभी होते आणि माझे पाय झिम्म्याच्या तालावर पडायला लागले. मग हातही. दोन-चार मिनिटं असेल. तेवढा वेळ मला काही दुखलं नाही. आणि मग, दुखलं नाही याचंच रात्रभर दुखत राहिलं. मी काय करू?"

ताई,

आधी उत्तर सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरायचं नाही. जा. प्रॅक्टिसला जा, आणि मागे उभं राहायला जाऊ नका.

आता त्या रात्रीबद्दल. लहानपणापासून ज्या तालाची सवय, त्या तालाशिवाय तुमचे पाय आठ महिने गप्प होते. दुःख पहिल्यांदा अंगातच शिरतं. जेवण जात नाही, झोप उडते, खांदे पुढे येतात, श्वास छातीच्या वरच घुटमळतो. तुम्हीच लिहिलंय की हल्ली एक जिना चढला तरी दम लागतो, आणि डॉक्टरांनी सगळं तपासून काही निघालं नाही. असं आवळलेलं अंग एके रात्री आपलं आपण सैल झालं, तर त्यात यजमानांचा काय अपमान झाला? त्या चार मिनिटांत तुम्ही त्यांना विसरलात असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ज्या अंगाला रडू येतं त्याच अंगाला ताल येतो, दोन्ही एकाच वेळीसुद्धा येतात. उद्या फुगडी घालताघालता तुम्हाला हुंदका फुटेल. फुटू दे. तेव्हा मैत्रिणीचे हात तुमच्या हातात असतील, ओट्यापाशी ते नव्हते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाहीये. पहिल्या पानावर तुम्ही ओळख करून दिलीत: कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाची धाकटी जाऊ. तुमचं स्वतःचं नाव थेट शेवटी, सहीतच आलं. पण चौथ्या पानावर फुगडीचा विषय निघाला आणि तुमचं अक्षर बदललं. खरंच बदललं, मी पानं शेजारी ठेवून पाहिली. ओळी सरळ झाल्या, खाडाखोड थांबली.

तिथे तुम्ही नवख्या मुलींना फुगडी कशी शिकवता ते लिहिलंय. हातांची अढी घालायची, चवड्याला चवडा भिडवायचा, कोपर सरळ, आणि अंग मागे टाकायचं. मुली इथेच चुकतात म्हणता. पडायच्या भीतीने पुढे वाकतात, आणि पुढे वाकल्यामुळेच तोल जातो. दोघींनी सारखंच मागे रेलावं लागतं. एकीने रेलायचं आणि दुसरीने सांभाळायचं असं चालत नाही. मग गिरकीचा वेग वाढतो, तोंडाने पकवा सुरू होतो, आणि नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावरून हलवायची नाही. भिंतींकडे, पंख्याकडे, बघणाऱ्यांकडे नजर गेली की घेरी आलीच. सगळं घर भोवती फिरत असताना तेवढा एक चेहरा जागच्या जागी असतो.

हे ज्या बाईने लिहिलं, ती हे कोणाची पत्नी म्हणून शिकलेली नाही. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात, वाड्याच्या अंगणात भोंडला होता, पाटावर हत्ती काढलेला होता आणि खिरापत यायच्या आधी मोठ्या बहिणीने तुमचे हात धरले. तेव्हा तुमच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. लग्नाने जे दिलंच नव्हतं, ते वैधव्य परत कसं मागणार?

सवाष्णींचा कार्यक्रम या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण सगळं त्या एका शब्दावर अडलंय. मंगळागौरीची पूजा नव्या लग्नाच्या मुलीची. लग्नानंतर पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी, ती आणि तिच्यासारख्याच नव्या नवऱ्या पूजेला बसतात. ते व्रत तिचं आहे. तुमच्या चौदाजणींपैकी एकीचंही ते व्रत आता राहिलेलं नाही, तीस-तीस वर्षं संसार झालेल्या बायका तुम्ही. तुम्हाला बोलावतात ते रात्रीच्या जागरणाच्या खेळांसाठी. सासरी वर्षभर मान खाली घालून वावरणाऱ्या पोरींना ही एक रात्र मोकळी मिळायची. पिंग्यात कंबर सैल व्हायची, बसफुगडीत मांड्या भरून यायच्या, सूप नाचवताना मनगटं दुखायची, आणि सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ आला की मनात साठलेलं सगळं गाण्यातून बाहेर पडायचं. अंग आणि मन दोन्ही हलकं करायला बायकांनी बायकांसाठी केलेली ही सोय आहे. आणि त्या सोयीची सगळ्यात जास्त गरज जिला आहे, तिलाच आपण सांगतो, तू मागे थांब. मला याची मनापासून चीड येते.

माझ्या आत्याचं सांगते. ती चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. घरात तिला कोणी वाईट वागवलं नाही, पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती आपली आपण मागच्या खोलीत जाऊन बसायची आणि तिला बाहेर बोलवायचं कोणाला सुचायचं नाही. आम्ही मुलं तिला आपसांत 'बिचारी आत्या' म्हणायचो. दर वर्षी ज्येष्ठात मात्र ती आळंदीला जायची आणि माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायची. कॉलेजात असताना एकदा मी लोणंदपासून फलटणपर्यंत तिच्यासोबत होते. वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. दुतर्फा उभ्या दिंड्यांमधून अश्व दौडत गेले, त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावली, धुरळा उडाला. त्या धुरळ्यात आत्याने आपली पिशवी माझ्या हातात दिली, वहाणा काढल्या आणि समोरच्या एका अनोळखी म्हातारीपुढे वाकली. ती म्हातारीही हिच्या पाया पडली. मग दोघींनी हात धरले आणि फुगडी सुरू झाली.

आत्याला मी पळतानासुद्धा कधी पाहिलं नव्हतं. तिचा पदर डोक्यावरून खाली आला, अंबाडा सुटला, आणि ती तोंडाने पकवा घालत गरगर फिरत होती. कपाळाला बुक्का होता, तिच्याही आणि त्या म्हातारीच्याही. त्यांतली सवाष्ण कोण हे विचारायचं तिथे कोणाच्या मनातही आलं नाही. थांबल्या तेव्हा दोघींनी लगेच हात सोडले नाहीत. डोळे मिटून, धापा टाकत, जमीन स्थिर होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग पुन्हा एकमेकींच्या पाया पडल्या आणि आपापल्या दिंडीत गेल्या. नाव-गावही विचारलं नाही. 'बिचारी' हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून कधी गेला नाही. घरातले बाकीचे अकरा महिने आत्या कशाच्या बळावर काढायची ते मला त्या दुपारी कळलं.

हे लिहिते आहे तेव्हा पालख्या वाटेवर आहेत, आणि आजही कुठल्यातरी माळावर अशा कितीतरी जणी फिरत असतील. फुगडी तीच, तिला हात धरायची रीतही तीच. माळावर जी चालते ती डोंबिवलीतल्या हॉलमध्ये का चालू नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

तुमच्या ग्रुपच्या ताईंना आणखी एक गोष्ट सांगता येईल. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने मनं एका दिवसात बदलत नाहीत, हे मलाही कळतं. पण एका खेड्याने उभं राहून हे बोलून दाखवलं. तुम्ही तर अवघ्या चौदाजणी आहात, आणि बारा वर्षं एकमेकींच्या वजनावर रेलत आलेल्या आहात.

ताई वाईट नाहीत असं तुम्ही लिहिलंय ते मला पटतं. त्यांना सुपाऱ्या जायची भीती आहे, आणि तुम्हाला कोणाच्या दारात टोचून बोललं जाईल याचीही असेल. म्हणून त्यांच्याशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. घरी बोलावून चहा द्या आणि सरळ सांगा: "ताई, मी आले तर माझ्या जागेवर येईन. कोणाच्या घरी चालणार नसेल तर सुपारी घेतानाच फोनवर विचारून घेऊ, लपवून जायचं नाही. कोणी नाही म्हणालं तर काय करायचं ते आपण सगळ्या मिळून ठरवू." माझं मत विचाराल तर अशी सुपारी ग्रुपने घेऊ नये. पण हे त्यांच्या तोंडून यायला हवं, आणि ते प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी, सगळ्या समोर बसलेल्या असताना यायला हवं. ऐन श्रावणात, नऊवारी नेसून तयार झाल्यावर हॉलच्या पायरीवर हा विषय निघाला तर तुमच्या जिवाला फार लागेल. एखाद्या घरी तुमचं तुम्हालाच जावंसं वाटलं नाही तर जाऊ नका. त्यात हार कसली?

आणि त्याही आधी तुमच्या मैत्रिणीला फोन करा. सहा पानांत सगळ्यांचं म्हणणं आलंय, ती काय म्हणाली ते कुठेच नाही. फुगडीला दोघी लागतात. तुम्ही मागे उभ्या राहिलात तर तिचीही जोडी मोडते. मला वाटतं तीही बिचकून बसली असेल, विचारावं की नाही म्हणून.

जाऊबाईंच्या म्हणण्यात एक भाग वेगळा काढायला हवा. वर्षश्राद्धापर्यंत थांबावं असं तुमच्याच मनाला वाटत असेल, तर खुशाल थांबा. नुसती प्रॅक्टिस करा आणि कार्यक्रमांना पुढच्या श्रावणापासून जा, हेही मला मान्य आहे. दुःखाचा काळ किती हे बाहेरून कोणी मोजून देऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. फक्त लोक काय म्हणतील या धाकाने थांबू नका. दोन्हींतला फरक तुम्हाला पोटातून कळेल.

मुलीवर रागावू नका. हजारो मैलांवरून ती आईला एकटी घरात बसलेली बघते आणि हाताशी असलेला उपाय सुचवते. झुंबा वाईट नाही, घाम निघतो, संगीत असतं, लावायचं तर लावा. पण तिथे प्रत्येकजण आरशासमोर एकटा असतो. तिथे कोणी तुमच्यावर रेलत नाही आणि तुम्हाला नऊ वर्षांच्या वयाची कोणी आठवण करून देत नाही. तिला हे एकदा सांगून बघा. चौथ्या पानावर मला लिहिलंत तसंच तिलाही लिहा. आईचं हे रूप तिने कधी नीट ऐकलेलं नसेल.

आता शरीराचं, कारण आठ महिन्यांचा खंड लहान नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे असं लिहिलंय, तेव्हा सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की गरगर फिरण्याचा आणि उड्या मारण्याचा खेळ आहे, चालेल का. नुसतं 'व्यायाम करू का' विचारलंत तर ते चाला म्हणतील. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. पहिले पंधरा दिवस नुसता झिम्मा आणि पिंगा. टाळीने खांदे मोकळे होतील, पावलांना ताल परत सापडेल, आणि दम कुठपर्यंत पुरतो त्याचा अंदाज येईल. मग साधी फुगडी, तीही फक्त तुमच्या मैत्रिणीबरोबर, सावकाश, पाच-सात गिरक्यांची. नवीन जोडीदारीण इतक्यात नको, उंची आणि वजन जमलेलं नसलं की हात निसटतो आणि पडताना मनगट मोडतं. बसफुगडी गुडघ्यांना विचारून. लोळणफुगडी यंदा राहू दे, पाठीच्या कण्यावर भार येतो. फरशी कोरडी हवी, पाय अनवाणी हवेत आणि नऊवारीचा काष्टा नीट खोचलेला हवा. थांबताना दोघींनी मिळून वेग कमी करायचा आणि थांबल्यावर हात लगेच सोडायचे नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगणार? तुम्हीच शिकवता.

राहता राहिलं ते यजमानांचं. बारा वर्षं त्या माणसाने तुमची सुपं उचलली आणि गाडीत बसून वाट पाहिली. तुम्ही लिहिलंय की ते कधी आत येऊन खेळ बघायचे नाहीत, लाजायचे. पण घरी जाताना विचारायचे, आज किती गिरक्या झाल्या? तुम्ही सांगायचात तो आकडा ते पुढच्या मंगळवारपर्यंत लक्षात ठेवायचे. माझ्या डोळ्यांसमोरून हे जात नाही. या श्रावणात तो प्रश्न विचारायला गाडीत कोणी नसेल, आणि परतीचा तो रस्ता तुम्हाला फार जड जाईल. त्यावर माझ्याकडे औषध नाही. एकट्या येऊ नका, एवढंच म्हणते. मैत्रिणीला शेजारी बसवा आणि तिला हा गिरक्यांचा हिशेब सांगा. तिला तो ठाऊक नसेल.

ती डिकीतली पिशवी मात्र आता काढा. मुलगी दिवाळीला येईल तेव्हा बघू, असं करू नका. बांबूच्या सुपाला पावसाळ्यात दमट जागी बुरशी धरते आणि विणकाम सुटतं, लाटणीही बंद पिशवीत काळी पडतात. किल्ली कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. मैत्रिणीला बोलवा, दोघी मिळून खाली जा, आणि पावसाने उघडीप दिली की सुपं कोरड्या फडक्याने पुसून गच्चीवर उन्हात ठेवा. आठ महिने झालेत, एखाद्याची कड उसवलेली असेल तर बुरुडाकडे नेऊन बांधून आणा.